शिमगा झाल्यावर बघू

बाबा, तुला पत्र लिहायचं म्हणजे गंमतच आहे. तू होतास तेव्हा मी तुला साधी चिठ्ठीसुद्धा कधी लिहिली नाही. काही सांगायचं असलं की ओट्यावर उभं राहून हाक मारायची, आणि तू खाचरातून नुसता हात वर करायचास. आपल्या घरात बापाला अरे-तुरे करायची पद्धत. दापोड्याच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात फोनवर तुझ्याशी बोलायचे तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाई बघत राहायच्या, ही बापाशी बोलतेय की भावाशी म्हणून. तुला जाऊन नऊ वर्षं झाली तरी ‘तुम्ही’ काही तोंडात बसत नाही, तेव्हा तसंच लिहिते. जेवणाची सुट्टी आहे, डबा खाऊन झालाय, गाड्या अजून लागलेल्या नाहीत, आणि समोर रद्द झालेल्या बिल्ट्यांचे पाठकोरे कागद पडलेत. पेनं ठेवायला अजून तोच लाकडी धोटा आहे, मी दहावी पास झाले तेव्हा जॉबरचाचांनी मागावरचा झिजलेला धोटा घासून, तेल लावून दिला होता तो. तू तेव्हा म्हणाला होतास, "पोरीला पेढं द्यायचं सोडून लाकूड काय देतो रं?" पेढे काय, कुणीतरी आणले आणि संपले. लाकूड अजून आहे.

लिहायला बसायचं कारण आपली चाळ. चाळीला काही झालेलं नाही, घाबरू नकोस. चाळ सांभाळणारं माणूस बदलायचं कधी, एवढाच प्रश्न आहे. आणि हा प्रश्न काही नवा नाही, तो तूच माझ्यासाठी ठेवून गेला होतास. घर दिलंस, चाळ दिलीस, कागदपत्रं पत्र्याच्या पेटीत नीट लावून दिलीस, आणि हे एवढं एक काम मात्र काही न सांगता तसंच मागे सोडलंस. त्याचा मला तुझ्यावर फार राग आला होता, बाबा. आज सगळं पहिल्यापासून सांगते, म्हणजे तो राग कुठून आला आणि त्याचं पुढे काय झालं ते तुला कळेल.

मी शाळेत होते तेव्हा तू रस्त्याकडेच्या भाताच्या तुकड्यावर बारा खोल्या बांधल्यास. पलीकडे भिंतीला भिंत लागून मागांचा कारखाना होता, आणि त्या कारखान्यातले माग दुरुस्त करणारा जॉबर हा आपला पहिला भाडेकरू. उत्तरेतून आलेला, उंच, हडकुळा माणूस. कुठल्या मागात काय बिघडलंय हे तो आत न जाता, दारात उभा राहून नुसतं ऐकून सांगायचा. वर्षभरात तू त्याला एक नंबरची खोली देऊन टाकलीस आणि सगळ्या चाळीच्या चाव्या त्याच्या हातात ठेवल्यास. परमुलखातल्या माणसाला चाळ सोपवली म्हणून गावातले लोक तुला हसले. तू म्हणालास, "त्याचे कान बघा आदी, मंग बोला." नवा माणूस खोली मागायला आला की चाचा त्याला गाव विचारायचे नाहीत, जात विचारायचे नाहीत. पहिला प्रश्न एकच, "कौन सी पाली?" दिवसपाळीचे चौघं आणि रातपाळीचे चौघं ते एका खोलीत असे बसवायचे, की एकांनी कामाला जायला उठावं आणि दुसऱ्यांनी येऊन त्याच चटयांवर अंग टाकावं. पाळ्या बदलल्या की अदलाबदल त्यांच्या डोक्यात तयार असायची. कोण घोरतो, कुणाला खोकला आहे, कोण रेडिओ लावल्याशिवाय झोपत नाही, सगळं त्यांना ठाऊक. झोप मोडली नाही की माणूस भांडत नाही, असं ते म्हणायचे. बारा-बारा तास मागासमोर उभ्या राहणाऱ्यांच्या चाळीबद्दल याहून शहाणी गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही.

आई गेल्यावर मी तुला खारबावला माझ्याकडे घेऊन आले. म्हटलं, आता बाबा उन्हात बसेल, नातवंडांना गोष्टी सांगेल, जरा अंग धरेल. तू कसला बसतोस! रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठायचास, मफलर गुंडाळायचास आणि दुधाच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून भिवंडीला, चाळीवर. मी चुलीवर पाणी ठेवता ठेवता विचारायचे, "कुठे निघालास?" तुझं उत्तर ठरलेलं, "जरा पाय मोकले करून येतो." पाय मोकळे करायला खारबावला रस्ते नाहीत का, असं मी म्हटलं की हसायचास. दोन तासांनी परत यायचास तो खोकत, शर्टाच्या बाह्यांना गंज लागलेला. मी तो गंज धुवायचे आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायचे. एकदा म्हटलं, जॉबरचाचांचं वय झालंय, त्यांना आता आराम दे, दुसरं माणूस बघ, म्हणजे तुझीही ही रोजची फेरी सुटेल. तू म्हणालास, "शिमगा झाल्यावर बघू." शिमगा झाला. मग म्हणालास, पाऊस तोंडावर आलाय, पत्र्यांची कामं त्यालाच ठावं हायेत, गणपती जाऊ दे. गणपती गेले. मग दिवाळी आली. दिवाळीनंतर पुन्हा शिमगा. मी म्हटलं, "बाबा, तुझ्या कॅलेंडरात कामाचा दिवस एकही नाही, सगळे सणच आहेत." तू एवढा हसलास की तुला उबळ आली आणि मी पाठीवर थापटत राहिले. किती साधी, किती सुखाची सकाळ होती ती, हे मला तेव्हा कळलं नाही.

शेवटच्या हिवाळ्यात तुझा दमा बळावला. डॉक्टरांनी सकाळच्या गारठ्यात बाहेर पडायचं नाही म्हणून बजावलं, आणि तू ऐकणारा नव्हेस, म्हणून एका सकाळी मी तुझ्या चपला तांदळाच्या कोठीमागे लपवल्या. तू घरभर शोधल्यास. मला विचारलं मात्र नाहीस. मग ओट्यावर जाऊन बसलास. टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला, तू त्याला हाताने जा म्हणून सांगितलंस. असे चार दिवस गेले. तिसऱ्या दिवशी तू मला म्हणालास, "चालीसमोरच्या बूथवं फोन लाव गं. पानी सोडलं का, इच्यार." मी पोळ्या लाटत होते. मी म्हटलं, "जॉबरचाचा आहेत ना तिथे? ते सोडतील पाणी. तू चाळीचा मालक आहेस की राखणदार?" तू पायाच्या अंगठ्याने ओट्याची कड खरवडत बसलास. मला ते आजही दिसतं, तुझा अंगठा आणि ओट्याच्या सारवणाचा निघालेला पापुद्रा. त्या वर्षीचा शिमगा तू बघितला नाहीस.

तू गेल्यावर चाळ माझ्याकडे आली. मी दर रविवारी जायचे. सगळं जिथल्या तिथे. पाणी वेळेवर, दिवे लागलेले, भाडेकरू हसतमुख. मी वीस पावलांवर असतानाच चाचा एक नंबरच्या दारातून म्हणायचे, "आओ बिटिया." मला बरं वाटायचं, आपलं माणूस आपल्याला लांबूनच ओळखतं म्हणून. चहा ओतताना ते कपाच्या काठावर आत बोट धरायचे, ते मी बघितलं होतं. नवा भाडेकरू समोर आला की तो काही बोलेपर्यंत ते गप्प राहायचे, तेही बघितलं होतं. बघितलं, पण मनावर घेतलं नाही. आमच्या यांनी एकदा सांगितलं, "आता एखादा एजंट ठेवू, म्हाताऱ्याला किती दिवस चालवायचं?" मी पटकन म्हणाले, बघू, पाऊस होऊन जाऊ दे. म्हटल्यावर माझं मलाच हसू आलं. तुझा आवाज माझ्या तोंडातून निघाला होता.

पाऊस झाला. आणि एका बुधवारी सकाळी ऑफिसात फोन आला. सात नंबरच्या खोलीतला फ्यूज उडाला होता. फ्यूजची वाटीच फुटली होती, म्हणून तारांची दोन टोकं तात्पुरती जोडायची होती. सात नंबरमध्ये राहणारा तो तिशीतला कारागीर, तुला आठवेल, डाव्या भुवईवर व्रण असलेला, तो विजेच्या पेटीसमोर उभा, आणि मागे चाचा. मेन स्विच पाडल्याशिवाय चाचा कधी तारेला हात लावू देत नसत. पण त्यांनी कान दिला. पलीकडच्या कारखान्यातले माग थांबलेले. इतकी वर्षं त्या चाळीत लाईट आहे की गेली हे माणसं दिव्यावरून नाही, त्या खटखटीवरून ओळखायची. खटखट चालू म्हणजे लाईट आहे, थांबली म्हणजे लाईट गेली. चाचा म्हणाले, "लाईट नहीं है. जोड दो." त्याने जोडलं. त्याला तरी काय शंका येणार? त्याच्या खोलीत दिवा नव्हताच, आणि जॉबर म्हणाला म्हणजे झालं. कुणालाच माहीत नव्हतं की कारखान्याच्या मालकाने माग विकायला काढलेत आणि त्या सकाळी लाईट असूनच ते बंद केलेत. त्याचा हात तारेला चिकटला. दोन खोल्या सोडून बिशी चालते, म्हणजे चाळीतल्या एकट्या माणसांची खानावळ. ती चालवणारी वहिनी पिठाच्या हातांनी धावत आली आणि तिने मेन स्विच पाडला, म्हणून तो जगला. अंगठा आणि तर्जनी मात्र करपली. चाचा तिथेच मागे, त्याच्या पाठीकडच्या भिंतीवरच्या पिवळ्या दिव्याखाली उभे होते. तो दिवा सकाळपासून चालू होता.

दवाखान्यातून मी थेट बिशीत गेले. वहिनीने मला पाटावर बसवलं, पाणी दिलं आणि परत कणीक मळायला घेतली. हात हलते राहिले की तिला बोलता येतं. म्हणाली, "ताई, आता सांगते. चाचांना दिसत न्हाय." मी विचारलं, "कधीपासून?" "मोप वर्सं झाली. बाबा व्हते तवापासून." मला आधी कळेचना. मी म्हटलं, "बाबांना माहीत होतं?" तिने कणकेचा गोळा उलटा केला. "मंग ते रोज सकाली उगाच यायचे का? चाचा आंघोलीला गेले का तेवढ्यात व्हॉल्व सोडायचे, पेटी बघायचे, लोखंडी शिडीवरून टाकीवं चढून झाकन बघायचे. मला बोलले, कुनाला सांगायचं न्हाय, जॉबरला तर न्हायच न्हाय, त्याला वाईट वाटंल." मी म्हटलं, टाकीवर? दम्याचा माणूस टाकीवर? ती म्हणाली, "दोनदा थांबून चढायचे. मंग वर बसून घ्यायचे जरा." मी विचारलं, बाबा गेल्यावर? "मंग आमीच वाटून घेतलं. मी व्हॉल्व, सात नंबरवाला टाकी. पेटीचं तेवढं चाचांनी कुनाला दिलं न्हाय."

बाबा, मी तिथे पाटावर बसून रडले. शर्टाच्या बाह्यांवरचा गंज मी तीन वर्षं धुतला आणि तो कुठल्या शिडीचा म्हणून एकदाही विचारलं नाही. त्या चार दिवसांत तुझ्या चपला कोठीमागे आणि तू ओट्यावर, आणि चाळीत टाकीचं झाकण कोण बघणार म्हणून तुझा जीव खालीवर. आणि मी तुला राखणदार म्हटलं. होतासच तू राखणदार. पण रडून झालं आणि मग राग आला, तो असा आला की तू समोर असतास तर मी तुझ्याशी बोलले नसते. एका म्हाताऱ्याचं मन मोडू नये म्हणून तू काही बोलला नाहीस, वहिनीला बोलू दिलं नाहीस, आणि हे सगळं सोन्यासारखं वागणं शेवटी ज्याच्या बोटांवर निघालं त्याचा त्यात काहीच वाटा नव्हता. त्याचं पोट त्या दोन बोटांवर होतं. तुटलेला धागा पकडायचा, गाठ मारायची, सोडायचा. शंभरदा, दिवसभर. तुझी माया मला समजते रे, पण तिची किंमत तू दिलीस का? त्याने दिली. हे मी तुला आज जसंच्या तसं लिहिते, कारण इतर कुणाला सांगितलेलं नाही.

यांनी दापोड्यातली गोदामं सांभाळणारा एक एजंट आणला. गॉगल लावलेला, दोन मोबाईलवाला. त्याने चाळीत एक चक्कर मारली आणि म्हणाला, आधी ही जुनी माणसं खाली करू, नळाला कुलूप घालू, मग बघा कशी शिस्त येते. पाळ्यांचं मी त्याला विचारलं तर त्याला काही कळलंच नाही. म्हणाला, "मॅडम, कोण कधी झोपतो ते आपल्याला काय करायचंय?" मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. त्याच संध्याकाळी वहिनीला विचारलं. ती आधी नाही म्हणाली, मग म्हणाली, "बाईमानसाचं ऐकतील का?" मग स्वतःच विचार करून म्हणाली, "ऐकतील. जेवायला माझ्याकडंच येतात ना." तेव्हा कुणाला ठेवायचं हे ठरलं. राहिलं होतं ते चाचांना सांगायचं. आणि खरं सांगते, मी ते आणखी दोन रविवार टाळलं. पेटीला तेवढं कुलूप घालून घेतलं, किल्ली वहिनीकडे दिली, आणि चाचांना सांगितलं की बोर्डाचा माणूस येणार आहे. तुझीच मुलगी.

तिसऱ्या रविवारी गेले. चाचा दारात बसून एका ताटलीतले नट-बोल्ट बोटांनी चाचपून वेगवेगळे करत होते. "आओ बिटिया," म्हणाले, पण उठले नाहीत. अपघातानंतर ते फारसे बोलतच नव्हते. मी येताना सगळं पाठ केलं होतं, समोर बसल्यावर सगळं गेलं, आणि मी खोटं बोलले. म्हटलं, "चाचा, बाबांनी जाताना सांगून ठेवलं होतं, की जॉबरला आता आराम द्या, त्याने खूप केलं." त्यांचे हात थांबले. मग ते हसले. म्हणाले, "नहीं बिटिया. तुम्हारे बाबा ये बोलच नहीं सकते थे. तीन साल रोज सुबह यही बोलने आते थे. चाय पीते थे, और बिना बोले चले जाते थे." मग ते म्हणाले, "मैं नहाने जाता था, उधर वो व्हॉल्व खोलते थे. सीढ़ी चढ़ते थे. उनकी सांस मैं पहचानता नहीं क्या? मेरे को लगता था अभी गिरेंगे, अभी गिरेंगे. जब तक वो नीचे नहीं उतरते, मैं पानी डालता रहता था, आवाज के लिए. उनको लगना चाहिए ना, कि जॉबर नहा रहा है."

मी विचारलं, मग तुम्ही का नाही बोललात? चाव्या परत का नाही दिल्यात? ते एक बोल्ट बोटांत फिरवत राहिले. "दे देता, तो वो सुबह-सुबह किसके पास आते? तुम्हारी मां के जाने के बाद वो घर में बैठ नहीं पाते थे. मैंने सोचा, थोड़े दिन. वो बोलते थे ना, शिमगा होने दो. मैंने भी सोचा, शिमगा होने दो." मग त्यांनी ताटली बाजूला सारली. "आंख का कसूर नहीं है, बिटिया. आंख तो जाती है. मुंह का कसूर है. मुंह खोलना था. अब वो सात नंबरवाला गांठ नहीं मार सकता." आणि ते रडले, बाबा. मी इतक्या वर्षांत त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी त्यांचा हात धरून बसले. माझा तुझ्यावरचा राग तिथे निम्मा झाला. उरलेला निम्मा अजून आहे, तो मी ठेवणार आहे.

चाव्या त्यांनी स्वतः वहिनीच्या हातात दिल्या. प्रत्येक किल्लीला सुताचा तुकडा बांधलेला होता आणि सुताला गाठी. एक नंबरला एक गाठ, दोनला दोन, सहाला एक मोठी, तिथून पुढे मोठी गाठ आणि तिच्यापुढे बारीक गाठी. त्यांनी वहिनीचं बोट धरून एकेक गाठ दाखवली. शेवटच्या किल्लीचं सूत कोरं होतं, एकही गाठ नाही. "ये पेटी की," म्हणाले. "इसपे गांठ नहीं रखी. हाथ लगते ही समझना, संभल के." मी वहिनीला दिलेली किल्ली दुसरी होती, नव्या कुलपाची. तिने ती मुकाट्याने कमरेच्या पिशवीतून काढली आणि त्याच कोऱ्या सुतात ओवली. नंतर आम्ही किल्ल्यांवर रंगाने आकडे काढले, पण सुतं कुणी सोडली नाहीत. चाचा एक नंबरमध्येच राहिले. नवा माणूस आला की वहिनी त्याला त्यांच्यासमोर बसवायची, ते दोन वाक्यं बोलायला लावायचे आणि सांगायचे, हा घोरणारा आहे, याला पाचमध्ये टाक. आणखी अडीच वर्षं असं चाललं. मग पुतण्या येऊन त्यांना गावी घेऊन गेला, आणि पुढच्या थंडीत ते गेल्याचा फोन आला. फोनवर त्याने तुझं नाव घेऊन विचारलं, की जॉबरचाचा शेवटी रोज सकाळी कुणाची तरी चहाला वाट बघायचे, ते कोण?

सात नंबरवाला आता इथे आमच्या ऑफिसच्या गेटवर असतो. गाड्यांचे नंबर लिहितो, पेन तीन आणि चार नंबरच्या बोटांत धरून. अक्षर बरं आहे. आत्ता मला खिडकीतून दिसतोय, एका ड्रायव्हरशी हुज्जत घालतोय. सकाळी मी आत येते तेव्हा तो डाव्या हाताने सलाम करतो. त्याच्या उजव्या हाताकडे बघितल्याशिवाय माझा एक दिवस सुरू होत नाही, आणि ते बरंच आहे.

आता मूळ मुद्दा. वहिनीचे गुडघे गेलेत, बाबा. बिशी तिने बंद केली, पण चाळ सोडत नाही. शिडीवर चढताना दोन पायऱ्यांनंतर थांबते. गेल्या महिन्यात टाकीचं झाकण दोन दिवस उघडं राहिलं, आणि चाळीत आता लहान मुलं आहेत, पाळीवाले कमी झालेत, संसार आलेत. सगळं मला दिसतंय. या वेळी मी न दिसल्याचं सोंगही करू शकत नाही. आमचे हे म्हणतात, सांगून टाक. तिची खोली तिचीच राहणार, हेही ठरलंय. तुझ्यासारखं सणांवर ढकलायचं नाही म्हणून मी साधा सोमवार धरलाय. समोर बसायचं, तिचे हात कणकेत असताना, आणि खरं तेच बोलायचं, तुझ्या नावावर काही खपवायचं नाही.

हे पत्र कुठे टाकणार? धोट्याखाली घडी करून ठेवीन, आधीची दोन पानं आहेत तिथेच. हो, आधीची दोन आहेत, कारण हा तिसरा सोमवार आहे. आणि आज सकाळी टाकीचं झाकण मीच वर चढून लावून आले. घरी म्हटलं, जरा पाय मोकळे करून येते.